घड्याळ नेमकं काय मोजतं?

१९८० साली अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने अटारी २६०० या यंत्रासाठी ‘ड्रॅगस्टर’ नावाचा गेम काढला. डेव्हिड क्रेन यांनी बनवलेली ही सरळ रेषेतली मोटारशर्यत. ना वळण, ना अडथळा. क्लच दाबायचा, वेळेवर गिअर बदलायचा, इंजिन फुटणार नाही इतपतच रेस द्यायची, की सहा-सात सेकंदांत खेळ संपला. सहा सेकंदांच्या आत गाडी पोचवणाऱ्याने टीव्हीच्या पडद्याचा फोटो कंपनीला पाठवायचा आणि कंपनी त्याला आपल्या क्लबचा बिल्ला द्यायची. १९८२च्या सुमारास टॉड रॉजर्स यांच्या नावावर ५.५१ सेकंदांचा विक्रम लागला. तो पस्तीस वर्षं टिकला आणि गिनेस बुकातही गेला. २०१७मध्ये एरिक कोझिएल या अभियंता खेळाडूने गेमचा मूळ कोड उलगडला, गाडीच्या वेगाचं गणित तपासलं आणि या गेममध्ये ५.५७च्या खाली जाण्याची वाट सापडत नाही असं दाखवून दिलं. जानेवारी २०१८मध्ये विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ‘ट्विन गॅलक्सीज’ने रॉजर्स यांच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. पाठोपाठ गिनेसनेही त्यांना वगळलं.

हा किस्सा एका माणसाचा विक्रम खरा की खोटा एवढ्यापुरताच सांगितला जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या गेमचं घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत आकडे दाखवतं, पण सरकतं मात्र साधारण ०.०३ सेकंदाच्या उड्यांनी. ५.५७च्या अलीकडची वेळ ५.५४ आणि तिच्या अलीकडची ५.५१. मध्ये काहीच नाही. म्हणजे पस्तीस वर्षं टिकलेला हा विक्रम आणि शक्य असलेली वेळ यांच्यात घड्याळाच्या फक्त दोन उड्या होत्या. इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही की हे घड्याळ कोणते आकडे दाखवू शकतं, ते कशाने पुढे जातं आणि फोटोतल्या आकड्यापर्यंत गाडी कशी पोचली हे कोण पाहणार.

आज स्पीडरन हा जगभर पसरलेला खेळ आहे. एखादा गेम, किंवा त्यातला एखादा ट्रॅक, कमीत कमी वेळात पार करायचा, त्याचा व्हिडिओ ठेवायचा आणि स्वयंसेवक नियंत्रकांनी तो तपासून यादीत लावायचा, असा सगळा व्यवहार आहे. पैसा जवळजवळ नाही. पंच नाहीत, महासंघ नाही. जे आहे ते नियमांवर चालतं, आणि म्हणूनच वेळ कशी मोजायची आणि कोणत्या गटात मोजायची यावरचे वाद मला कधीच किरकोळ वाटले नाहीत. बाहेरच्या माणसाला तो शब्दच्छल वाटतो. पण चार-चार वर्षं एका वळणावर घासलेल्या मुलाचं श्रेय त्याला मिळणार की नाही, हे तिथेच ठरतं. प्रत्येक नियमाला मी एकच प्रश्न विचारतो: हा नियम खेळणाऱ्याच्या हातांचा वेग मोजतो, की त्याच्या घरातल्या यंत्राचा?

सगळ्यात जुना आणि सगळ्यात अवघड प्रश्न टीव्हीचा आहे. अमेरिका आणि जपानमध्ये टीव्हीची पद्धत एनटीएससी होती आणि पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं. युरोपचा बराचसा भाग आणि ऑस्ट्रेलिया इथे पाल पद्धत, सेकंदाला पन्नास. आपल्याकडे १९८२मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेही पालमध्येच. जुने कन्सोल गेम आपला सगळा कारभार या चित्रांच्या तालावर करायचे: एक चित्र, गाडी एक पाऊल पुढे. साठसाठी लिहिलेला गेम फेरफार न करता पन्नासच्या टीव्हीसाठी विकला तर सगळंच मंदावतं. ज्या शर्यतीला टोकियोत एक मिनिट लागतं, तिलाच लंडनमध्ये बहात्तर सेकंद लागतात. लंडनच्या मुलाचा यात काय दोष?

मग गेममधलं घड्याळ वापरा, असं सहज म्हणता येतं. पण ते घड्याळही चित्रंच मोजत असतं. साठ चित्रं झाली की एक सेकंद, असं धरणारं घड्याळ पालमध्येही ‘एक मिनिट’च दाखवेल, प्रत्यक्षात मात्र बहात्तर सेकंद गेलेले असतील. पन्नास चित्रांना एक सेकंद धरायला शिकवलेलं घड्याळ खरा वेळ दाखवेल आणि पालचा खेळाडू कायमचा मागे राहील. काही गेममध्ये निर्मात्यांनी पालसाठी गाडीचा वेगही वाढवला, काहींत अर्धवट वाढवला, काहींत हातच लावला नाही. त्यामुळे एका गेमचा हिशेब दुसऱ्याला लागू पडत नाही.

यावर लोकप्रिय तोडगा म्हणजे रूपांतर. पालच्या वेळेला पाच भागिले सहाने गुणायचं आणि सगळे एकाच यादीत. हा तोडगा मला मान्य नाही. कागदावर तो समान दिसतो, पण हातांना तो समान नाही. समजा, वळणावरचा खांब पडद्यावर दिसल्यापासून गाडी त्याला धडकेपर्यंत तीस चित्रं जातात. साठच्या यंत्रावर खेळाडूला अर्धा सेकंद मिळतो, पन्नासच्या यंत्रावर ०.६ सेकंद. बोटांना, डोळ्यांना, निर्णयाला वीस टक्के जास्त वेळ. एका चित्रापुरत्या उघडणाऱ्या संधीचंही तसंच: तिकडे सुमारे १७ मिलिसेकंद, इकडे २०. आता या सवलतीत खेळलेली वेळ आकडेमोड करून पुन्हा साठवर आणली, तर पालचा खेळाडू संथ शर्यत खेळून वेगवान शर्यतीचं श्रेय घेतो. रूपांतर न करता एकत्र लावली तर उलट अन्याय. दोन्हीकडून नुकसानच.

‘सुपर मारिओ कार्ट’च्या खेळाडूंनी पाल आणि एनटीएससी यांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या. १९९२च्या या गेममध्ये आजही सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झुंज चालते आणि दोन्ही याद्यांना मान आहे. मला हाच मार्ग योग्य वाटतो. हे सांगताना मिल्खा सिंग यांची आठवण येते. रोममध्ये १९६०च्या ऑलिंपिकला ४०० मीटरमध्ये ते चौथे आले. हातातल्या स्टॉपवॉचवर त्यांची वेळ होती ४५.६ सेकंद आणि विजेवर चालणाऱ्या घड्याळावर ४५.७३. एकच माणूस, एकच धाव, दोन आकडे. ॲथलेटिक्सने पुढे विजेच्या घड्याळाचीच नोंद विक्रमासाठी ग्राह्य धरली, पण म्हणून ४५.६ हा आकडा खोटा ठरला नाही. तो कोणत्या घड्याळाचा आहे हे लिहून ठेवलं की काम भागतं. स्पीडरनच्या यादीतही प्रत्येक वेळेच्या पुढे यंत्र, प्रदेश आणि घड्याळ यांची नोंद सक्तीची हवी. गेमक्यूबच्या काळापासून युरोपच्या अनेक गेममध्ये ६० हर्ट्झचा पर्याय आला आणि नव्या यंत्रांवर हा भेद उरला नाही. पण जुन्या गेमची गोडी कमी होत नाही, तोवर हा प्रश्नही जात नाही.

लोडिंगचा प्रश्न याहून जास्त बोचतो, कारण त्यात सरळ पैसा येतो. निन्टेन्डो ६४चे गेम कार्ट्रिजवर असायचे, तिथे थांबणं नाममात्र. प्लेस्टेशनचे गेम सीडीवर. १९९९च्या ‘क्रॅश टीम रेसिंग’मध्ये ॲडव्हेंचर प्रकार खेळायला घेतला की मैदानातून ट्रॅकवर, ट्रॅकवरून परत मैदानात, आणि दर वेळी सीडी फिरणार. हीच सीडी प्लेस्टेशन २मध्ये घातली आणि सेटिंगमध्ये डिस्कचा वेग ‘फास्ट’ केला तर थांबणं कमी होतं. पुढे २०१९ची नवी आवृत्ती आली. प्लेस्टेशन ४वर तिच्या लोडिंगला लोक वैतागले होते. प्लेस्टेशन ५वर तीच आवृत्ती झपाट्याने उघडते. दोन खेळाडूंनी प्रत्येक वळण तंतोतंत सारखं घेतलं, तरी महागडं यंत्र असलेला पुढे जाणार. इचलकरंजीतला मुलगा सेकंडहँड यंत्रावर खेळणार आणि त्याची स्पर्धा एसएसडीशी.

पूर्ण गेमच्या स्पीडरनमध्ये लोडिंगचा वेळ वजा करावा, असं माझं ठाम मत आहे. समोरची बाजू कच्ची नाही. ते म्हणतात, खरा वेळ कुणालाही तपासता येतो: सुरुवात, शेवट, संपलं. लोडिंग वजा करायचं तर व्हिडिओतलं प्रत्येक काळं चित्र शोधून मोजावं लागतं. ते काम बिनपगारी नियंत्रकाच्या डोक्यावर पडतं आणि मोजणारा बदलला की आकडाही थोडा बदलतो. हे खरंच आहे. जपानमध्ये तर खऱ्या वेळेवरच्या स्पर्धांची एक वेगळी, जुनी परंपरा आहे आणि त्या पद्धतीतली थरथर मला समजते: घड्याळ कधीच थांबत नाही, चूक झाली तर मेन्यूतही पळावं लागतं. तरीही ज्या गेममध्ये दीड-दोन मिनिटांचा फरक केवळ यंत्रामुळे पडतो, तिथे ‘साधा नियम’ म्हणजे श्रीमंताचा नियम होतो. नियंत्रकांचं काम कमी करायचं असेल तर ओझं सादर करणाऱ्याने उचलावं. आपल्या लोडिंगची यादी त्याने स्वतः द्यावी आणि नियंत्रकाने त्यातली चार ठिकाणं निवडून तपासावीत. पहिल्या दहा क्रमांकांसाठी मात्र सगळी. आणि खरा वेळही शेजारी छापावाच. दोन रकाने ठेवायला कोणाची हरकत असणार?

एकेका ट्रॅकच्या शर्यतीत हा गोंधळ नसतो, कारण घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर गेम स्वतःच सुरू करतो. तिथे प्रश्न येतो बारकाव्याचा. व्हिडिओवरून वेळ काढायची तर व्हिडिओत सेकंदाला किती चित्रं आहेत हे आधी पाहावं लागतं. तीस असतील तर एका चित्राची जाडी ०.०३३ सेकंद, सुरुवातीला एवढी चूक, शेवटी एवढी. अशा व्हिडिओवरून हजाराव्या भागापर्यंत आकडा छापणं आणि त्यावर पहिला-दुसरा ठरवणं चुकीचंच आहे. ‘मारिओ कार्ट वी’ हजाराव्या भागापर्यंत वेळ देतो, पण तिथे गेम स्वतः दोन चित्रांच्या मध्ये गाडीने रेषा कुठे ओलांडली याचं गणित करतो. तो आकडा मान्य. बाकी ठिकाणी बरोबरी जाहीर करायला लोक का कचरतात, मला कळत नाही.

आता गटांकडे येऊ, कारण भांडणं इथे जास्त होतात आणि रागही इथेच जास्त निघतो.

‘मारिओ कार्ट ६४’ डिसेंबर १९९६मध्ये जपानमध्ये आला. सोळा ट्रॅक, प्रत्येकाची तीन फेऱ्यांची वेळ आणि सगळ्यात वेगवान एका फेरीची वेळ. खेळाडूंनी दोन याद्या केल्या: शॉर्टकटसह आणि शॉर्टकटविना. ऐकायला सरळ वाटतं. पण शॉर्टकट कशाला म्हणायचं? कूपा ट्रूपा बीचवर कड्याच्या आतून बोगदा आहे आणि त्याच्या तोंडाशी उडी घेण्यासाठी उतार बांधलेला आहे. तो निर्मात्यांनीच ठेवलाय, त्यामुळे तो चालतो. वारिओ स्टेडियमवर मात्र सुरुवातीच्या उंचवट्यांवर बरोबर कोनात, बरोबर क्षणी उडी मारली की गाडी शेजारच्या भिंतीवरून पलीकडे पडते आणि फेरीचा बहुतांश भाग गाळून शेवटाजवळ पोचते. हा शॉर्टकट. रेनबो रोडवर सुरुवातीच्या मोठ्या उतारावरून कठड्याबाहेर उडी घेऊन खालच्या रस्त्यावर पडता येतं. निर्मात्यांना हे ठाऊक होतं का? यावर रात्रभर वाद घालता येईल आणि सकाळी सगळे होते तिथेच असतील.

म्हणूनच ‘निर्मात्याचा हेतू’ ही फूटपट्टी मला पूर्णपणे नाकारावीशी वाटते. हेतू कोणी लिहून ठेवलेला नसतो, आणि ठेवलेला असला तरी व्हिडिओत दिसत नाही. गेमच्या आत्म्याची भाषा तर त्याहून घातक, कारण ती नेहमी आधीपासून यादीत असलेल्यांच्या सोयीने बोलते. गटाची सीमा अशी हवी की ज्याने तो गेम कधी खेळलाच नाही अशा परक्या माणसालाही व्हिडिओ पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगता यावं.

हे जमतं, कारण रेसिंग गेम रस्ता कसा ओळखतो ते समजून घेता येतं. २००८च्या ‘मारिओ कार्ट वी’मध्ये संपूर्ण ट्रॅकवर न दिसणाऱ्या फाटकांची मालिका टाकलेली असते. त्यातली काही फाटकं महत्त्वाची. ती क्रमाने ओलांडली आणि मग शेवटची रेषा पार केली की फेरी मोजली जाते. मधल्या बाकी फाटकांकडे गेम फार लक्ष देत नाही. खेळाडूंनी शोधलं की काही ट्रॅकवर सुरुवातीच्या रेषेजवळच, भलत्या बाजूने, शेवटच्या महत्त्वाच्या फाटकाच्या हद्दीत शिरता येतं. ग्रम्बल व्होल्कॅनोवर एका अरुंद खडकावर गाडी टेकवत उड्या घेत हे केलं जातं आणि ज्वालामुखीला फेरी न मारताच गेम फेरी मोजतो. इथे रेघ ओढणं सोपं आहे: रस्त्याचा भाग पार न करताच फेरी मोजली गेली की तो ग्लिचचा, म्हणजे गेममधल्या चुकीचा फायदा घेण्याचा गट. वेग वाढवणारा मशरूम वापरून गवतावरून कोपरा कापला, पण फाटकं रीतसर पार झाली, तर तो शॉर्टकट. म्हणूनच या गेमच्या याद्यांत ग्लिच, शॉर्टकट आणि शॉर्टकटविना असे तीन स्तर दिसतात. त्या खडकावरची उडी पाहिलेल्या कोणालाही तिला फसवणूक म्हणवणार नाही. तिला लागणारी अचूकता भल्याभल्यांना वर्षानुवर्षं साधत नाही. ती वेगळी शर्यत आहे म्हणून तिला वेगळी यादी द्यायची, कमी दर्जाची म्हणून नाही.

याउलट खेळण्याच्या शैलीवर बंदी घालायला निघालं की फजिती होते. २००५च्या ‘मारिओ कार्ट डीएस’मध्ये सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे सतत ड्रिफ्ट करत छोटे बूस्ट मिळवत जाण्याची युक्ती रुळली, तिला स्नेकिंग म्हणतात. अनेकांना ती आवडली नाही, बोटं दुखतात, शर्यत विद्रूप दिसते वगैरे. बंदीची मागणीही झाली. पण किती ड्रिफ्ट झाले म्हणजे स्नेकिंग? दोन? पाच? रस्ता किती सरळ असला म्हणजे सरळ? याला उत्तर नाही. ‘एफ-झीरो जीएक्स’च्या खेळाडूंनी हाच पेच जास्त शहाणपणाने सोडवला. २००३च्या या गेममध्ये शर्यतीआधी एक पट्टी सरकवून वेग घेण्याची क्षमता आणि कमाल वेग यांच्यात निवड करावी लागते. पट्टी पूर्णपणे कमाल वेगाकडे ठेवणाऱ्यांची स्वतंत्र यादी झाली. त्या निवडीने नागमोडी पळण्याचा फायदा मोडतो आणि पट्टी कुठे आहे हे पडद्यावर सगळ्यांना दिसतं.

गटांची संख्या मात्र आवरायला हवी. प्रत्येक नाराज खेळाडूसाठी एक नवी यादी काढत गेलं तर दहा खेळाडूंमागे दहा विश्वविक्रम होतात आणि कुठल्याच यादीत दुसरा माणूस उरत नाही. नव्या गटाने खेळाडूला वेगळी कौशल्यं वापरायला लावली पाहिजेत. केवळ ‘अमुक उडी मला जमत नाही’ हे कारण पुरेसं नाही.

पुराव्याचं काय? फोटोच्या जमान्यातून आपण बरेच पुढे आलो आहोत. ‘मारिओ कार्ट वी’ची घोस्ट फाइल शर्यतीचं चित्रण साठवत नाही, ती दाबलेली बटणं साठवते आणि त्यावरून शर्यत पुन्हा उभी करते. त्यामुळे बटण माणसाच्या बोटाने दाबलं गेलं की आपोआप वेगाने दाबणाऱ्या कंट्रोलरने, याची छाननी शक्य होते. जिथे अशी फाइल मिळते, तिथे ती देणं सक्तीचं करावं आणि ती सगळ्यांना उतरवून घेता यावी. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर खेळणाऱ्यांनाही याच अटीवर दार उघडावं: वेगळी खूण, आणि बटणांची पूर्ण फाइल. मूळ यंत्र आणि जुना काचेचा टीव्ही हवाच असा हट्ट धरला, तर हा खेळ मूठभर संग्राहकांचा होऊन बसेल.

यापुढचा प्रश्न नियम बनवणाऱ्यांचा आहे आणि त्याकडे सगळ्यांत कमी पाहिलं जातं. नियंत्रक बहुधा त्याच गेमचे उत्तम खेळाडू असतात, तेच नियम ठरवतात आणि त्याच यादीत वर असतात. बेइमानीचा आरोप मी करत नाही. ही माणसं रात्री जागून, एक पैसा न घेता दुसऱ्यांचे व्हिडिओ तपासतात. पण नवी उडी सापडते, जुना विक्रम धोक्यात येतो आणि ती उडी कुठल्या गटात टाकायची हे विक्रमवीरच ठरवतो, ही मांडणीच चूक आहे. नियम बदलायचा प्रस्ताव आधी जाहीर व्हावा, त्यावर उघड चर्चा व्हावी, आणि ज्याचा क्रमांक त्या निर्णयाने बदलणार आहे त्याने मत देऊ नये. बदल पुढच्या तारखेपासून लागू व्हावा. जुनी यादी बंद करून तशीच ठेवावी. पुसू नये आणि नव्या नियमांनी तिचे क्रमांक पुन्हा लावू नयेत. ज्या गेमला चार-पाचच नियमित खेळाडू आहेत, तिथे मत देणारा तटस्थ माणूस उरणारच नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी दुसऱ्या रेसिंग गेमच्या दोन नियंत्रकांना बोलवावं, व्हिडिओ आणि नियम त्यांच्यासमोर ठेवावा, आणि त्यांना तो नियम वाचून निर्णय देता आला नाही तर आधी नियमच नव्याने लिहावा.